फिटर आणि इलेक्ट्रिशियन यांच्या मधलं काम: इलेक्ट्रो-मेकॅनिकल असेंब्लीतल्या नोकऱ्या

आमच्या कळव्याच्या चाळीतला एक मुलगा मोबाइल घेऊन माझ्याकडे आला. रबाळ्याच्या एका कारखान्याची जाहिरात होती. इलेक्ट्रो-मेकॅनिकल असेंब्लीसाठी उमेदवार पाहिजेत, शिक्षण आयटीआय किंवा डिप्लोमा. पोराने इलेक्ट्रिशियनचा ट्रेड केलेला. मला म्हणाला, "काका, यात मेकॅनिकल लिहिलंय. म्हणजे हे फिटरवाल्यांसाठी ना?" मग कळलं की फिटरचा ट्रेड केलेल्या त्याच्या मित्रानेही तीच जाहिरात सोडून दिली होती, कारण त्यात 'इलेक्ट्रो' लिहिलं होतं. जागा दोघांनाही चालणारी होती, पण अर्ज एकानेही केला नाही.

मी वीसेक वर्षं इलेक्ट्रिकल पॅनेल, म्हणजे वीज वाटणाऱ्या आणि यंत्रं चालू-बंद करणाऱ्या पेट्या, बनवणाऱ्या कारखान्यांत काढली. आधी वायरिंगला होतो, मग टेस्टिंगला, आणि आता नवी मुलं कामावर घेताना त्यांची परीक्षा घेतो. ठाणे-बेलापूर रोडच्या दोन्ही अंगांना हे काम पसरलेलं आहे, आणि त्याच रस्त्यावरून रोज जाणाऱ्या मुलांना ते काय आहे हेच माहीत नसतं, याचं मला वाईट वाटतं. म्हणून सविस्तर सांगतो.

वीज आणि हालचाल यांची गाठ जिथे पडते, ते हे काम. बटण दाबलं की लिफ्टचं दार सरकतं, सिग्नल मिळाला की व्हॉल्व्ह उघडतो, मोटार फिरते आणि पट्टा चालू लागतो. यातलं प्रत्येक यंत्र अर्धं विजेचं आणि अर्धं लोखंडाचं असतं. ते सुटे भाग जोडून, वायरिंग करून, तपासून चालू करणं म्हणजे इलेक्ट्रो-मेकॅनिकल असेंब्ली.

सगळ्यात सोपं उदाहरण कॉन्टॅक्टरचं, म्हणजे मोटारीची वीज चालू-बंद करणाऱ्या, विजेनेच चालणाऱ्या स्विचचं. भंगारातला एखादा जुना कॉन्टॅक्टर मिळाला तर जरूर उघडून पाहा. आत तांब्याच्या बारीक तारेची कॉइल असते, लोखंडी पत्र्यांचा गाभा असतो, स्प्रिंग असते आणि धातूच्या टिकल्या बसवलेले संपर्क असतात. कॉइलला वीज मिळाली की गाभ्याचा लोहचुंबक होतो, समोरचा तुकडा खटकन ओढला जातो, टिकल्या एकमेकींना टेकतात आणि मोटारीला वीज जाते. कॉइलची वीज गेली की स्प्रिंग तो तुकडा परत ढकलते. आता समजा, गाभ्याच्या दोन तोंडांमध्ये धूळ बसली. तोंडं नीट मिटत नाहीत, कॉन्टॅक्टर घूं-घूं आवाज करतो, कॉइल जास्त करंट ओढते आणि काही दिवसांत जळते. जळली कॉइल, म्हणून लोक म्हणतात इलेक्ट्रिकलचा फॉल्ट. मूळ दोष मात्र दोन लोखंडी तोंडांमधल्या बारीकशा फटीचा, म्हणजे मेकॅनिकलचा.

असंच आणखी एक उदाहरण. पंपाचा ओव्हरलोड रिले, म्हणजे जास्त करंट गेला की मोटार बंद करणारा रक्षक, सारखा ट्रिप होतोय. इलेक्ट्रिशियन येतो, रिले बदलतो, कधी कधी त्याचं सेटिंग वाढवून ठेवतो, आणि ते फार वाईट. पंप पुन्हा बंद पडतो. खरं तर मोटार आणि पंप यांना जोडणारं कपलिंग एका रेषेत नसतं, बेअरिंग जड फिरत असतं, मोटारीला जास्त जोर लावावा लागतो, म्हणून ती जास्त करंट ओढते. रिले आपलं काम चोख करत असतो. मेंटेनन्समध्ये रोजचं भांडण हेच आहे. फिटर म्हणतो इलेक्ट्रिकलचं बघा, इलेक्ट्रिशियन म्हणतो मेकॅनिकलचं बघा, आणि मशीन दुपारपर्यंत बंद. त्या दोघांच्या मधे उभं राहून दोन्हीकडे हात घालू शकणारा माणूस कारखान्याला हवा असतो. जाहिरातीतल्या त्या लांबलचक शब्दाचा अर्थ एवढाच.

एक बोल्ट सैल राहिला तर

असेंब्ली म्हणजे स्क्रू पिळणं, असं घरातली मोठी माणसंही म्हणतात. "डिप्लोमा करून स्क्रू पिळायचे का?" हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलंय की त्याचं उत्तर आता आकड्यांतच देतो.

मोठ्या पॅनेलमध्ये वीज वायरमधून न जाता तांब्याच्या किंवा अ‍ॅल्युमिनियमच्या पट्ट्यांमधून जाते. त्यांना बसबार म्हणतात. दोन पट्ट्या बोल्टने जोडलेल्या असतात. समजा, त्यातून ६३० अँपिअर जातायत. जोडात तयार होणारी उष्णता म्हणजे करंटचा वर्ग गुणिले जोडाचा रोध. जोड चांगला बसला आणि रोध १० मायक्रोओहम असला, तर उष्णता जेमतेम ४ वॅट. तोच जोड सैल राहिला आणि रोध १ मिलिओहम झाला, तर उष्णता जवळजवळ ४०० वॅट. ७५० वॅटची घरगुती इस्त्री अर्ध्याहून जास्त तापवणारी ही उष्णता बंद पेटीतल्या एका बोल्टपाशी, दिवसरात्र. धातू तापतो, प्रसरण पावतो, थंड झाला की आकसतो, बोल्ट आणखी सैल होतो, रोध आणखी वाढतो. पॅनेलला आग लागल्याच्या बातम्यांमागे पुष्कळदा हीच साखळी असते.

म्हणून बोल्ट अंदाजाने पिळायचा नसतो. टॉर्क रेंच, म्हणजे किती जोराने पिळलं ते मोजणारा पाना, लावायचा, कंपनीच्या तक्त्यात त्या मापाच्या बोल्टला जो आकडा दिलाय तेवढाच ताण द्यायचा आणि लगेच मार्करने बोल्टवर रेघ मारायची. रेघ नसलेला बोल्ट म्हणजे न तपासलेला बोल्ट. जास्त पिळणंही चुकीचं, त्याने आटे जातात. वायरचंही तसंच. वायरच्या टोकाला लग, म्हणजे धातूची टोपी, दाबून बसवली (क्रिंप केली) की वायर हाताने ओढून पाहायची. बारीक वायरचा एकही धागा टर्मिनलच्या बाहेर राहता कामा नये, कारण तो शेजारच्या टर्मिनलला टेकला की शॉर्ट. वायरच्या दोन्ही टोकांना नंबराची फेरूल, म्हणजे नंबर छापलेली छोटी नळी, हवी, नाहीतर तीन वर्षांनी साइटवर फॉल्ट शोधणारा माणूस रात्रभर वायरी चाचपत बसेल. लो व्होल्टेज पॅनेलसाठी आयईसी ६१४३९ हे मानक आहे. पॅनेल किती तापावं, विजेचे जिवंत भाग एकमेकांपासून किती लांब असावेत, कोणत्या तपासण्या व्हाव्यात, हे सगळं त्यात ठरवून दिलेलं आहे. या मानकाचं नाव तरी मुलाखतीआधी माहीत असू द्या.

टेस्टिंगचीही एक गोष्ट सांगतो, कारण ती माझ्याच हातून घडली. नवा होतो. इन्सुलेशन तपासायला मेगर लावतात. तो साधारण ५०० व्होल्ट डीसी सोडून गळती किती आहे ते मेगाओहममध्ये दाखवतो. मी वायरिंग पूर्ण झालेल्या पॅनेलला मेगर लावला, पण आधी ड्राइव्हच्या वायरी सोडवल्या नाहीत. ड्राइव्ह म्हणजे मोटारीचा वेग कमी-जास्त करणारं इलेक्ट्रॉनिक यंत्र. त्याच्या कार्डाला तो ताण सोसला नाही. कार्ड गेलं, पॅनेल आठवडाभर अडकलं. मेगर लावण्याआधी ड्राइव्ह, पीएलसी (यंत्राला हुकूम देणारा छोटा संगणक), मीटर असं सगळं इलेक्ट्रॉनिक सामान वेगळं करायचं, हे मला तोवर कुणी सांगितलं नव्हतं. आता मी प्रत्येक नव्या मुलाला ते पहिल्याच दिवशी सांगतो.

नोकऱ्या कुठे आहेत

एमआयडीसी १ ऑगस्ट १९६२ ला स्थापन झाली आणि ठाण्याची वागळे इस्टेट ही तिच्या अगदी सुरुवातीच्या वसाहतींपैकी. तिथले कितीतरी शेड आता आयटीच्या काचेच्या इमारती झालेत, पण गल्ल्यांमध्ये छोटे युनिट अजून आहेत. त्याहून मोठा पट्टा ठाणे खाडीच्या पलीकडचा. दिघा, ऐरोली, रबाळे, महापे, पावणे, तुर्भे असा तो नेरूळपर्यंत जातो. सीमेन्सचा कळव्याचा कारखाना याच रस्त्यावर. पुढे तळोजा, आणि दुसऱ्या अंगाला डोंबिवली, अंबरनाथ, बदलापूर. ठाणे-वाशी लोकल २००४ मध्ये सुरू झाली आणि जानेवारी २०२४ मध्ये दिघा गाव स्टेशन उघडलं. दिघ्याच्या कारखान्यांत जाणाऱ्याला पूर्वी ऐरोलीला उतरून मागे यावं लागायचं, ते वाचलं. फर्स्ट शिफ्ट सकाळी सातची असते, तेव्हा ही अर्ध्या तासाची बचत फार मोठी.

मुलं फक्त मोठ्या नावांच्या मागे धावतात. माझं मत थोडं वेगळं आहे. वीस-पन्नास माणसांच्या पॅनेल शॉपमध्ये पहिली दोन वर्षं काढली तर बसबार कापणं, वाकवणं, डीन रेलवर (पॅनेलमधल्या धातूच्या पट्टीवर) सामान बसवणं, वायरिंग, टेस्टिंग, ग्राहकाचा इंजिनिअर तपासणीला आला की त्याच्यासमोर पॅनेल चालवून दाखवणं, हे सगळं हाताखालून जातं. मोठ्या कारखान्यात लाइनवर एकाच स्टेशनला उभं राहून तोच भाग दिवसभर बसवावा लागण्याची शक्यता जास्त. पण सुरक्षा, कँटीन, बस आणि शिस्त यात मोठा कारखाना पुढे असतो, हेही खरं. छोट्या ठिकाणी काम सुरू करणार असाल तर बूट, हातमोजे आणि गॉगल मिळतात का, ते आधी पाहा. वीज बंद करून मेन स्विचला आपलं कुलूप आणि टॅग लावण्याची पद्धत तिथे नसेल, तर ती नोकरी मी माझ्या मुलाला करू देणार नाही.

पॅनेलच्या पलीकडेही या कामाला मागणी आहे. रबाळे, ऐरोली, महापे भागात डेटा सेंटर उभी राहिली आहेत. लोकांना वाटतं तिथे फक्त कॉम्प्युटरवाले लागतात. खरं तर डेटा सेंटर म्हणजे निम्मं वीजघर आणि निम्मं शीतगृह. महावितरणची वीज ट्रान्सफॉर्मरमध्ये, तिथून पॅनेलमध्ये, मग यूपीएसमध्ये आणि शेवटी सर्व्हरपर्यंत. वीज गेली तर डिझेल जनरेटर आपोआप सुरू व्हायला हवेत. त्याशिवाय थंडावा देणारे चिलर, पंप आणि पंखे दिवसरात्र चालू. हे सांभाळायला तीन शिफ्टमध्ये माणसं लागतात, आणि ती इलेक्ट्रो-मेकॅनिकलचीच. बेलापूर ते पेंधर मेट्रो नोव्हेंबर २०२३ मध्ये सुरू झाली. नवी मुंबई विमानतळाचं उद्घाटन ऑक्टोबर २०२५ मध्ये झालं आणि डिसेंबरअखेरीस उड्डाणं सुरू झाली. सरकते जिने, सामानाचे पट्टे, लिफ्ट, विमानाला जोडायचे पूल, सगळीकडे मोटार, गिअर, सेन्सर आणि कंट्रोल पॅनेल आहेच. न्हावा-शेव्याच्या बंदरातल्या क्रेनही त्यातच आल्या.

सरकारी वाटाही आहेत. रेल्वेत टेक्निशियन आणि असिस्टंट लोको पायलटच्या भरतीत आयटीआयवाल्यांना संधी असते, आणि कळवा, सानपाड्याला लोकल गाड्यांचे कारशेड आहेत. भाभा अणुसंशोधन केंद्रात स्टायपेंडरी ट्रेनी घेतात, डिप्लोमावाल्यांची श्रेणी वेगळी आणि आयटीआयवाल्यांची वेगळी. महावितरणची भरती निघते. या परीक्षांच्या नादात चार-चार वर्षं घरी बसलेली मुलं मी पाहिली आहेत. परीक्षा जरूर द्या, पण हातातलं काम चालू ठेवून द्या. हाताला गंज चढायला वेळ लागत नाही.

शिक्षणाची वाट

दहावीनंतर आयटीआयला इलेक्ट्रिशियन, फिटर, वायरमन, इलेक्ट्रॉनिक्स मेकॅनिक हे दोन वर्षांचे ट्रेड आहेत. ठाण्यात वागळे इस्टेटमध्ये सरकारी आयटीआय आहे, अंबरनाथलाही आहे. मेकॅट्रॉनिक्सचा ट्रेड जवळ मिळाला तर उत्तम, कारण त्यात दोन्ही बाजू येतात. नाही मिळाला तरी अडत नाही, कारण एक बाजू पक्की असली की दुसरी कामावर शिकता येते. दहावीनंतर तीन वर्षांचा डिप्लोमा ही दुसरी वाट. ठाण्याचं व्हीपीएम, वाशीचं अ‍ॅग्नेल ही जवळची पॉलिटेक्निक. घरच्या अडचणीमुळे आयटीआय केलं म्हणजे पुढचं शिक्षण संपलं, असं नाही. आयटीआयनंतर डिप्लोमाच्या थेट दुसऱ्या वर्षाला आणि डिप्लोमानंतर इंजिनिअरिंगच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश घेता येतो. दिवसा कामावर आणि रात्री पुस्तकांवर बसून ही पायरी चढलेली माणसं आमच्या पट्ट्यात आहेत.

मला सगळ्यात महत्त्वाची वाटते ती अप्रेंटिसशिप. १९६१ च्या अप्रेंटिस कायद्यानुसार ३० किंवा त्याहून जास्त माणसं असलेल्या आस्थापनेला एकूण मनुष्यबळाच्या २.५ ते १५ टक्के अप्रेंटिस घ्यावेच लागतात. म्हणजे तुम्ही उपकार मागायला जात नसता, जागा कायद्यानेच ठेवलेली असते. सरकारच्या अप्रेंटिसशिप पोर्टलवर नाव नोंदवा, करार त्यावरच होऊ द्या आणि शेवटची परीक्षा देऊन राष्ट्रीय प्रमाणपत्र घ्या. पोर्टलवर करार नाही आणि तोंडी "अप्रेंटिस म्हणून ठेवतो" असं म्हणतायत, तर ते वर्ष कागदावर कुठेच दिसणार नाही. इलेक्ट्रिशियन किंवा वायरमन झालेल्याने वायरमन परवानाही काढून ठेवावा. साइटवरची कामं घेताना आणि पुढे सुपरवायझरच्या परवान्याकडे जाताना तो लागतो.

मुलाखतीला मी काय विचारतो

सर्टिफिकेट मी सर्वांत शेवटी पाहतो. आधी टेबलावर कॉन्टॅक्टर ठेवतो आणि त्याचा एनओ (एरवी उघडा असणारा संपर्क) कुठला आणि एनसी (एरवी जोडलेला असणारा संपर्क) कुठला ते दाखवायला सांगतो. मग व्हर्निअर, म्हणजे बारीक माप घ्यायचं साधन, हातात देऊन एका शाफ्टचं माप घ्यायला लावतो. ०.०२ मिलिमीटरपर्यंत वाचता आलं पाहिजे. इलेक्ट्रिशियन पुष्कळदा व्हर्निअरपाशी अडखळतात आणि फिटर एनसीपाशी. अडखळला म्हणून मी कुणाला नापास करत नाही, पण "मला येत नाही, दाखवा" असं सरळ म्हणणारा मुलगा मला आवडतो. उगाच आकडा ठोकून देणारा उद्या पॅनेलवरही ठोकून देईल.

त्यानंतर स्टार-डेल्टा स्टार्टर, म्हणजे मोठी मोटार दोन टप्प्यांत सुरू करणारी जोडणी. हा प्रश्न जवळजवळ सगळीकडे विचारतात, म्हणून नीट समजून घ्या. २० एचपीची मोटार ४१५ व्होल्टवर पूर्ण भाराला साधारण २७-२८ अँपिअर घेते. ती थेट सुरू केली तर पहिल्या क्षणी सहापट, म्हणजे दीडशेच्या वर जाते. म्हणून आधी मोटारीतल्या तारेच्या तीन गुंडाळ्या, म्हणजे वाइंडिंग, स्टारमध्ये (एकेक टोक एकत्र बांधून) जोडतात. प्रत्येक वाइंडिंगला ४१५ ऐवजी २४० व्होल्टच मिळतात आणि लाइनमधून येणारा सुरुवातीचा करंट एक तृतीयांश होतो. मोटारीचा जोरही तेवढाच कमी होतो, हे विसरायचं नाही. सुरुवातीलाच जड भार असेल तर स्टारमध्ये मोटार उचलतच नाही. वेग आला की टायमर डेल्टावर (टोकाला टोक जोडलेल्या त्रिकोणावर) नेतो. आता खरा प्रश्न: स्टार आणि डेल्टाचे कॉन्टॅक्टर एकाच वेळी लागले तर? सरळ शॉर्ट सर्किट. ते होऊ नये म्हणून एकाच्या कॉइलच्या वाटेत दुसऱ्याचा एनसी संपर्क घालतात, ते झालं इलेक्ट्रिकल इंटरलॉक. आणि दोन कॉन्टॅक्टरच्या मध्ये प्लॅस्टिकचा एक छोटा तुकडा बसवतात, तो एक ओढला गेला की दुसऱ्याला हलूच देत नाही. ते मेकॅनिकल इंटरलॉक. संपर्क चिकटून बसला, वायर चुकली, तरी हा तुकडा आडवा उभा राहतो. दोन्ही का लागतात हे ज्याने स्वतःच्या शब्दांत सांगितलं, त्याला मी पुढचे प्रश्न विचारत नाही.

मुलींबद्दलही सांगायला हवं. हार्नेस (वायरींचे जुडगे), सर्किट बोर्ड आणि कॉइलच्या लाइनवर पुष्कळ मुली काम करतात, चोख करतात, आणि पुष्कळदा तिथेच राहतात. टेस्टिंगची जागा निघाली की ती मुलाला जाते. तुम्ही लाइनवर असाल तर सहा महिन्यांनी सुपरवायझरला स्पष्ट विचारा, की मला टेस्टिंग शिकायचं आहे, कधी बसवाल? मला ज्या दोन मुलींनी असं विचारलं, त्या आज माझ्या बेंचवर सर्वांत बारीक फॉल्ट काढतात. त्यांना मी आपणहून विचारायला हवं होतं.

पैशाचं थोडक्यात. पहिला पगार मोठा नसतो, आणि पुष्कळ ठिकाणी नाव कंपनीचं पण पगार कॉन्ट्रॅक्टरचा असतो. तसं असलं तरी नियुक्तीपत्र, पगाराची स्लिप, पीएफचा यूएएन क्रमांक (नोकरी बदलली तरी तोच राहणारा) आणि महिना २१,००० रुपयांपर्यंत पगार असेल तर ईएसआयसीचं (कामगार विम्याचं) कार्ड, हे चार कागद मागा. पीएफचा पासबुक दर महिन्याला मोबाइलवर पाहा. पगारातून १२ टक्के कापले आणि खात्यात आले नाहीत, हे वर्षाने कळण्यात अर्थ नाही. नोकरी लावण्यासाठी ट्रेनिंग, युनिफॉर्म किंवा डिपॉझिटचे पैसे आधी मागणाऱ्याकडे परत जाऊ नका.

चाळीतल्या त्या मुलाने पुढच्या जाहिरातीला अर्ज केला. आता दिघ्याला एका पॅनेल शॉपमध्ये अप्रेंटिस आहे. गेल्या आठवड्यात जेवणाच्या सुट्टीत त्याचा फोन आला. एक कॉन्टॅक्टर घूं-घूं करतोय, सगळे म्हणतायत कॉइल बदल. मी म्हटलं, वीज बंद कर, कुलूप लाव आणि गाभ्याची तोंडं पाहा. वीस मिनिटांनी फक्त फोटो आला. कापडाच्या तुकड्यावर काळी धूळ, आणि बाजूला साफ पुसलेली दोन चकचकीत तोंडं.